वजू केल्याने त्वचा सुधारते का?

तुम्ही लिहिलंय की तुमची मैत्रीण पाच वेळा नमाज पढते आणि तिचा चेहरा नितळ आहे. तो वजूमुळे, म्हणजे नमाजआधी ठरलेल्या पद्धतीने तोंड-हात-पाय धुण्यामुळे, आहे का, आणि नमाज न पढताही तुम्ही तसंच तोंड धुतलं तर मुरुमं जातील का, हा तुमचा प्रश्न. मी चिपळूणची. घर नमाजी आणि नोकरी त्वचारोगाच्या ओपीडीत नर्सची, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

मुरुमं वजूने जात नाहीत. ती तेलग्रंथी, हार्मोन्स आणि बुजलेली छिद्रं यांच्यामुळे येतात, आणि नुसत्या पाण्याने तेल सुटत नाही. घाम, धूळ, खारट थर मात्र निघतो. आमच्याकडच्या दमट उन्हाळ्यात जोहर आणि असरच्या, म्हणजे दुपारच्या आणि तिसऱ्या प्रहराच्या नमाजच्या वेळी तेवढ्यानेही चेहऱ्याला बरं वाटतं. व्हॉट्सअॅपवर ‘वजूने त्वचेचा कर्करोग टळतो’, ‘चेहऱ्यावरचे बिंदू दाबले जातात’ असलं काय काय फिरतं, त्याला आधार नाही आणि मला ते वाचून वाईट वाटतं. वजू पाकीसाठी, म्हणजे शुद्ध होण्यासाठी आहे, नमाजला उभं राहण्यासाठी आहे. त्याला क्रीमच्या जाहिरातीसारखे दावे चिकटवायची काहीच गरज नाही.

त्यातल्या एका गोष्टीने त्वचेचा खरंच बचाव होतो. वजूत साबण लागत नाही. सूरह माइदाच्या 6व्या आयतीत चेहरा धुणं, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात फिरवणं आणि घोट्यापर्यंत पाय एवढंच आहे. गुळण्या, नाकात पाणी घेणं, प्रत्येक अवयव तीनदा धुणं ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची पद्धत. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि वडीचा साबण अल्कधर्मी, त्यामुळे दिवसातून पाचदा साबण लावला तर कुणाचीही त्वचा कोरडी पडून तडकेल. शिवाय पाच वेळा म्हणजे पाच वजू असंही नाही. मगरिबचा (सूर्यास्ताच्या नमाजचा) वजू टिकला असेल तर त्याच वजूवर इशा (रात्रीची नमाज) पढता येते. पाणीही थोडंच लागतं. पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करत असं हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचन-वागणुकीच्या नोंदींत आहे. म्हणजे साधारण पाऊण लिटर. थंडीत गीझरचं कढत पाणी घेणाऱ्यांचे हात मात्र खरखरीत होतात. कोमट घ्यावं, आणि कातडी ओलसर असतानाच थोडं खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर चोळावं. जिरून जाणाऱ्या तेलाने पुढचा वजू अडत नाही. नेलपॉलिशच्या थराने अडतो, मेंदीच्या रंगाने नाही.

मला खरं बोलायचंय ते पायांबद्दल. वजूत करंगळीने पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पाणी पोचवतात, त्याला खिलाल म्हणतात. आणि नेमक्या त्याच जागी चिखल्या होतात. पावसाळ्यात आमच्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी येतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फाकवलं की आत पांढरी, भिजलेली, सोलवटलेली कातडी दिसते, मधे बारीक चीर असते आणि वास येतो. एक वयस्कर चाचा, मधुमेह असलेले, मला म्हणाले, “बेटी, वजू तर सोडता येत नाही.” मी म्हटलं, “सोडायचा कुठं चाचा, बेचक्या पुसायच्या!” वजूनंतर अंग पुसायला मनाई नाही. तरी बरेचजण ओल्या पायांनीच मोजे-बूट चढवतात आणि बुरशीला हवं ते मिळतं. पायाचा रुमाल प्रत्येकाचा वेगळा हवा. वजूखान्यातल्या सगळ्यांच्या ओल्या चपला आणि एकच टॉवेल यातूनही ती पसरते.

उलट मधुमेहाच्या माणसाला याच वजूचा मोठा उपयोग आहे. त्याच्या पायाची संवेदना कमी होते, खिळा टोचला तरी कळत नाही, म्हणून रोज पाय तपासा असं डॉक्टर सांगत राहतात आणि कुणी तपासत नाही. नमाजी माणसाचा हात मात्र टाचेवरून, बेचक्यांतून फिरतोच, कारण टाच कोरडी राहू नये याबद्दल हदीसमध्ये कडक ताकीद आहे. चाचांना मी तेच सांगितलं. पाय धुताना नजरही तिथेच ठेवा. फोड, चीर, रंग बदललेला दिसला की दाखवायला या. पाण्याचा गरमपणा पायाने नाही, कोपराने बघा.

एक्झिमा चिघळलाय, जखम आहे, डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हटलंय, तर हट्टाने धुऊ नये. आजाऱ्याला तयम्मुमची, म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर-हातांवर फिरवण्याची सवलत माइदाच्या त्याच आयतीत आहे, आणि पट्टी असेल तर तिच्यावरून ओला हात फिरवतात. नेमकं कसं ते मौलवीसाहेबांना विचारावं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, मधे घाम आला तर साधं पाणी, आणि पुसताना टॉवेलने घासू नका. उन्हात जाणार असाल तर धुतल्यावर सनस्क्रीन पुन्हा लावा. तरी मुरुमं राहिली, दुखायला लागली किंवा डाग पडायला लागले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून कुणी सुचवलेली, गोरं करणारी स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तेवढी लावू नका. तिने बिघडलेले चेहरे मी फार पाहिलेत.