माणसं काढणारी मुलगी आणि टॉवेलचा कारखाना

ताई, सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून पाठवलेलं तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. इतर वाचकांसाठी पत्रातला मजकूर थोडक्यात देते. मुलगी बारावी कॉमर्सला आहे, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे बसेल तिथे समोरच्या माणसांची चित्रं काढते. गेल्या वर्षापासून जुन्या साड्यांच्या तुकड्यांवर सुई-दोऱ्यानेही माणसं काढायला लागली आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांचं म्हणणं, कापडाचीच आवड आहे तर टेक्सटाइल इंजिनिअरिंग कर, गावात काम मिळेल. तुमचे प्रश्न तीन: असल्या कामात करिअर असतं का, असेल तर कुठे शिकायचं, आणि आर्ट कॉलेजात उघड्या मॉडेलसमोर बसवतात हे खरं का.

इंजिनिअरिंगचा विषय आधी मिटवू. इचलकरंजीच्या डीकेटीईसारख्या संस्थेत बी.टेक.ला जायचं तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. तिच्याकडे ते नाही, आणि असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. तिथे सूतकताई, यंत्रमाग, रंगाचं रसायन आणि कापडाच्या चाचण्या शिकवतात. चांगलं शिक्षण आहे, पण तुमच्या मुलीचा ओढा त्यातल्या कशाकडेच दिसत नाही.

खरी निवड दोन वाटांमध्ये आहे: टेक्सटाइल डिझाइन की पेंटिंग. नावावरून पहिली वाट तिचीच वाटते, म्हणून इथे जरा थांबते. टेक्सटाइल डिझाइनमध्ये ताणा-बाणा, डॉबी आणि जॅकार्ड (विणतानाच नक्षी उठवण्याच्या पद्धती), छपाई, रंगाई असं सगळं हाताने शिकवतात. पण त्या शिक्षणाचा कणा म्हणजे रिपीट. एक नक्षी अशी बांधायची की ती कापडाच्या लांबीभर सांधा न दिसता फिरत राहिली पाहिजे. माणसाच्या आकृतीला त्यात जागा थोडी. फॅशनच्या वर्गात आकृती काढतात खरी, पण ती नऊ-दहा डोक्यांइतकी उंच, लांब पायांची, कपडा दाखवण्यापुरती. एसटीची वाट बघत पिशवीवर बसलेल्या बाईला तिथे कोणी विचारत नाही.

आता तुमच्या फोटोंकडे येते. आजी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडतेय, तो तुकडा मी बराच वेळ पाहिला. पाठीची रेघ धावदोऱ्याने एका दमात घेतली आहे आणि कोपराच्या वळणावर टाके आपोआप बारीक झालेत. हे तिला कोणी शिकवलं नसणार. टाका लांब राहिला की वळणाचे कोपरे होतात आणि माणूस पत्र्यातून कापल्यासारखा दिसतो. दंडाच्या आतल्या बाजूला तिने दांडीटाका घातलाय, म्हणून तिथली रेघ जाड होऊन हाताचं वजन दिसतं. आजीचा सगळा भार डाव्या कुल्ह्यावर आहे, हेही कळतं. चुकलंय ते चेहऱ्यात. डोळे, नाक, ओठ सगळं भरत बसली आणि कापड ओढलं जाऊन गालावर चुण्या पडल्या. रिंग लावून काम करायला सांगा, आणि चेहऱ्यात अर्धे टाके कमी. पेन्सिलची रेघ क्षणात होते, तीच दोऱ्याने घ्यायला संध्याकाळ जाते. म्हणून कुठली रेघ ठेवायची आणि कुठली सोडायची, हे सुई हातात घेण्याआधी ठरलेलं असावं लागतं. तो निर्णय रोजच्या स्केचिंगमधूनच येतो. स्केचबुक बंद पडलं तर भरतकाम छान होईल, पण माणूस जाईल.

हे असं काम करणारे लोक आहेत का? आहेत, आणि ते आडबाजूचे नाहीत. लुईज बुर्जुआ (1911–2010) ही फ्रान्समध्ये जन्मलेली शिल्पकार. तिच्या आईवडिलांचा जुनी टॅपेस्ट्री दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता. भिंतीवर लटकणाऱ्या त्या विणलेल्या चित्रांचा खालचा भाग आधी झिजतो, म्हणजे माणसांचे पायच जातात. लहानपणी ते गेलेले पाय कागदावर काढून देण्याचं काम लुईजकडे असे. पुढे म्हातारपणी तिने जुन्या कपड्यांतून शिवलेल्या मानवाकृती केल्या आणि त्या जगभरच्या संग्रहालयांत गेल्या.

आपल्याकडे अर्पिता सिंग यांचं नाव घेईन. त्या चित्रकार, माणसं काढणाऱ्या. सुरुवातीच्या काळात त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, आणि बंगालच्या कांथा भरतकामाची छाया त्यांच्या कॅनव्हासवर स्पष्ट दिसते. हातमागाला नवी डिझाइन्स मिळावीत म्हणून ही केंद्रं सरकारने 1956 पासून सुरू केली आणि तिथे चित्रकारांना नोकरीवर घेतलं. आपले चित्रकार प्रभाकर बरवे मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर 1961 मध्ये अशाच केंद्रात लागले, आधी वाराणसीला, नंतर मुंबईला. मृणालिनी मुखर्जी बडोद्याला पेंटिंग शिकल्या आणि पुढे अनेक वर्षं तागासारख्या दोराच्या गाठी मारून माणसाहून मोठी शिल्पं करत राहिल्या. मुंबईच्या अंजू डोडिया गादीच्या कापडावर मानवाकृती रंगवतात, त्याही जे.जे.च्याच.

या नावांत टेक्सटाइलची पदवी घेतलेलं कोणी सापडत नाही. शिक्षण चित्र-शिल्पाचं, कापड नोकरीतून नाहीतर घरातून आलेलं. त्यावरून नियम काढू नये हे मान्य, टेक्सटाइल शिकून उत्तम कलावंत झालेलेही आहेत. पण तुमच्या मुलीपुरतं माझं मत पक्कं आहे: बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी, पेंटिंगमध्ये. प्रमाण, तोल, हेड स्टडी, पूर्ण आकृती हे मॉडेलसमोर वर्षानुवर्षं बसूनच येतं, आणि ती सोय नंतर स्वतःच्या खर्चाने उभी करणं कठीण. टाके आणि विणकाम कारागिराकडे सुट्टीत शिकता येतं. माग तर तुमच्या घरातल्या माणसाच्या रोजच्या पायाखाली आहे.

महाराष्ट्रात बी.एफ.ए.चे प्रवेश सीईटी सेलच्या कला परीक्षेवरून होतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असं तिचं स्वरूप. स्मरणचित्रात बाजार, बसथांबा, सण असे माणसांनी भरलेले विषय येतात, म्हणजे एसटी स्टँडवरची तिची दुपार वाया गेलेली नाही. वस्तुचित्रात मात्र माणसं काढणारी मुलं मार खातात. रोज एक तांब्या, एक कांदा, एक घडी घातलेलं कापड काढू दे. बारावी कुठल्याही शाखेची चालते. मुंबईचं जे.जे. (स्थापना 1857) आता अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथलं त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक वेगळं वाचा. तिथे टेक्सटाइल डिझाइनचीही पदवी आहे, दुसरा पर्याय म्हणून तेच भरा. एनआयडी (डिझाइनची राष्ट्रीय संस्था) आणि निफ्ट (फॅशनची राष्ट्रीय संस्था) यांच्या परीक्षा देऊन बघायला हरकत नाही, फॉर्म दिवाळीच्या आगेमागे निघतात. पण तिथली फी लाखांत जाते, सरकारी कला महाविद्यालयाची त्यामानाने फारच कमी. कर्ज काढून पहिल्या परीक्षेत लागेल तिथे जाण्याची घाई करू नका.

मॉडेलचं. आपल्याकडे बहुतेक वर्गांत मॉडेल कपड्यांतच बसतात: लुगडं नेसलेल्या बाई, फेटा बांधलेले आजोबा. काही ठिकाणी न्यूड स्टडीही होतो. मॉडेल म्हणून बसणाऱ्यांचा तो रोजगार आहे, वर्गाला शिस्त असते, आणि पहिल्या पंधरा मिनिटांनंतर मुलांना खांदा कुठे संपतो याखेरीज काही दिसत नाही. कापडावर काम करणाऱ्याला तर हे हवंच. आतला गुडघा कळल्याशिवाय त्यावरून साडीची चुणी कुठून सुटते ते कळत नाही.

पैशांबद्दल गोड बोलणार नाही. पदवीनंतर लगेच स्वतःच्या चित्रांवर घर चालेल असं धरू नका. बहुतेकांना बरीच वर्षं जोडकाम करावं लागतं. पण तिच्या हातात जोडकामं चांगली आहेत. मुंबईत निर्यातीचं भरतकाम करणारे स्टुडिओ आहेत. तिथे डिझाइन आधी कागदावर उतरवतात, रेघेवर सुईने भोकं पाडून खाका तयार करतात, तो कापडावर छापतात आणि मग अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बांधलेल्या चौकटीवर, कारागीर आरीने (आकडीच्या सुईने) भरतात. खाका काढणाऱ्याची रेघ कच्ची असेल तर पुढचा कारागीर काही करू शकत नाही. मुंबईच्या चाणक्य या भरतकाम स्टुडिओने 2022 मध्ये दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पॅरिसमधल्या शोसाठी माधवी आणि मनू पारेख या चित्रकारांची चित्रं भल्या मोठ्या भरतकामात उतरवली. अशा कामाला चित्र आणि टाका दोन्ही कळणारी माणसं लागतात. छपाईच्या डिझाइनचे स्टुडिओ आहेत, पुस्तकांची चित्रं आहेत. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं तर ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) लागतं, पण त्या जागा कमी निघतात, त्याच भरवशावर बसू नका.

यजमानांचा राग येऊ देऊ नका. ते चूक बोलत नाहीत, त्यांना दिसणाऱ्या नोकऱ्यांबद्दल बोलताहेत. त्यांना एकच विनंती करा: परीक्षा झाल्यावर मुलीला काही दिवस कारखान्यात न्यावं. जॉबर (माग लावणारे-दुरुस्त करणारे) आणि वाइंडिंगवर, म्हणजे सूत गुंडाळायला, बसणाऱ्या बायका काम करताना तिने त्यांना काढावं, मालकांची परवानगी घेऊन. सोबत कापलेल्या टॉवेलच्या किनारी मागून आणाव्यात, त्यावर टाका घालून बघावा; फासांच्या कापडात सुई कशी बुडते हे तिला नवीन असेल. आणि केलेल्या प्रत्येक तुकड्याचा पुढचा-मागचा फोटो, तारीख आणि ज्या स्केचवरून केला ते स्केच एका फाइलीत ठेवायला आजपासूनच सांगा. एनआयडी-निफ्टच्या पुढच्या फेरीत किंवा नंतर स्टुडिओत काम मागताना नुसता सुबक रुमाल पाहून कोणी फार विचारणार नाही, स्केचपासून टाक्यापर्यंतचा प्रवास बघतील.