पडद्यावरचा बेअर खरा किती?

प्रश्न : ‘सिंड्रेला मॅन’ (२००५) आमच्या चित्रपट मंडळात दाखवायचाय. गोदीतल्या हमालीने त्यातल्या मुष्टियोद्धा जेम्स ब्रॅडॉकचा डावा हात खरंच सुधारला? आणि त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्स बेअर चित्रपटात दाखवलाय इतका क्रूर होता?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हाताचं खरं आहे. उजवा सारखा मोडायचा, म्हणून अमेरिकेतल्या महामंदीत गोदीवर माल उचलताना सगळा भार डाव्यावर यायचा. त्यातून डाव्या ठोशात ताकद आली. १३ जून १९३५ ला १५ फेऱ्यांनंतर पंचांच्या एकमुखी निर्णयाने बेअरला हरवून तो हेवीवेट जगज्जेता झाला. बेअरवर मात्र चित्रपटाने अन्याय केलाय. १९३० मध्ये त्याच्याशी लढल्यानंतर फ्रँकी कॅम्पबेल दगावला, तेव्हा बेअर पार खचला; कॅम्पबेलच्या कुटुंबाला त्याने पैसेही दिले. खेळ सुरू करण्याआधी प्रेक्षकांना एवढं जरूर सांगा.