मागितली किती, मिळाली किती, वापरात किती? ह्यूज पेजविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (रावेर): केळी खरेदीच्या हिशेबासाठी ६४ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. त्याचा शेअर्ड बफर (सगळ्या कनेक्शनची सामायिक मेमरी) ८ जीबी. हंगामात दोनशेच्या घरात कनेक्शन उघडली की मेमरी कुठे जाते कळत नाही. कुणीतरी ह्यूज पेज (मेमरीचे नेहमीपेक्षा मोठे पेज) सुचवले, म्हणून ८ जीबीच्या हिशेबाने कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस या सेटिंगला ४०९६ दिले. डेटाबेस नीट चालतो, पण /प्रॉक/मेमइन्फो मधल्या ह्यूजपेजेसच्या 'फ्री' ओळीत अजूनही ४०९६ च दिसतात. असे का?

उत्तर: आधी मेमरी कुठे जाते ते पाहू. लिनक्स मेमरी ठरावीक मापाच्या तुकड्यांत वाटतो, त्या तुकड्याला पेज म्हणतात; एक्स८६ प्रोसेसरवर साधे पेज ४ केबीचे. ८ जीबीची अशी २०,९७,१५२ पेजेस होतात आणि पेज टेबलात (कुठले पेज रॅममध्ये कुठे आहे त्याच्या यादीत) प्रत्येकाची ८ बाइटची नोंद असते. पोस्टग्रेस दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस उघडतो, त्यामुळे टेबलही प्रत्येकाचे वेगळे. ज्या कनेक्शनने सगळा बफर पालथा घातला, त्याच्या नुसत्या नोंदीच १६ एमबी खातात. अशी २०० झाली की तीन जीबीच्या वर गेलेच. /प्रॉक/मेमइन्फो मधली 'पेजटेबल्स' ही ओळ ऐन गर्दीच्या वेळी वाचा, तिथे हा फुगवटा दिसेल. तेच ८ जीबी २ एमबीच्या पेजवर ठेवले तर ४०९६ नोंदी, म्हणजे ३२ केबी. शिवाय प्रोसेसरच्या टीएलबीत (या नोंदींच्या त्याच्या आतल्या छोट्या कॅशमध्ये) मोजक्याच नोंदी मावतात. पेज मोठे असले की तेवढ्याच नोंदींत जास्त मेमरी बसते.

तुमचे गणित ४०९६ वर अडले आहे. पोस्टग्रेस शेअर्ड मेमरीचा एकच सलग तुकडा मागतो. त्यात बफरशिवाय लॉक टेबल, प्रत्येक कनेक्शनची जागा, वॉल बफर (बदलांच्या लॉगचा बफर) हेही असते, म्हणून मागणी ८ जीबीच्या थोडी वर जाते. ४०९६ पेजेसमध्ये ती मावत नाही. 'ह्यूज_पेजेस' हे पोस्टग्रेसचे सेटिंग मुळात 'ट्राय' (जमले तर वापर) वर असते, त्यामुळे डेटाबेस मुकाट्याने ४ केबीच्या पेजेसवर सुरू होतो. तुमचे ८ जीबी बाजूला अडकून पडले आणि वापरात दुसरेच ८ जीबी आले. ह्यूज पेज न लावता जे होते, त्याहून वाईट.

नेमका आकडा पोस्टग्रेसलाच विचारा. १५ किंवा पुढची आवृत्ती असेल तर सर्व्हिस बंद करा आणि पोस्टग्रेसच्या युजरने ही आज्ञा द्या (डी आणि सी ही अक्षरे कॅपिटल):

पोस्टग्रेस -डी डेटा_डिरेक्टरी -सी शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस

सर्व्हिस चालू असताना ही आज्ञा चालत नाही. आलेल्या आकड्यात थोडी भर घालून तो /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मधल्या फाइलीत लिहा आणि 'सिसकंट्रोल --सिस्टिम' चालवा. मग पोस्टग्रेसमध्ये ह्यूज_पेजेस 'ऑन' करा, 'ट्राय' वर ठेवू नका. पेजेस कमी पडली तर तो सुरूच होणार नाही आणि लॉगमध्ये कारण लिहील. आमच्या मते सर्व्हरवर हेच बरे. १७ व्या आवृत्तीपासून 'ह्यूज_पेजेस_स्टेटस' विचारले की खरी स्थिती कळते. मॅक्स_कनेक्शन्स वाढवले की पेजेसची गरजही वाढते, तेव्हा आकडा पुन्हा काढा.

सुरू झाल्यावर फ्री लगेच घटली नाहीत म्हणून घाबरू नका. त्याच्या खालची 'आरएसव्हीडी' ओळ बघा. भुसावळहून सुटणाऱ्या गाडीत सीट रिकामी दिसते, पण चार्टावर नाव लागलेले असते, तसे हे आहे: पेज कबूल झाले आहे, अजून हात लागलेला नाही. फ्रीच्या आकड्यात ही राखीव पेजेसही धरलेली असतात. खरोखर मोकळी किती, तर फ्री वजा आरएसव्हीडी. पोस्टग्रेस सुरू आहे, फ्री आणि टोटल सारखे आहेत आणि आरएसव्हीडी शून्य आहे, म्हणजे तुमच्यासारखी गत: ह्यूज पेज वापरातच नाही.

प्रश्न (धुळे): चालू सर्व्हरवर १०,००० पेजेस मागितली, मिळाली जेमतेम सहा हजार. एररही आली नाही.

उत्तर: येणारही नाही. कर्नल जमतील तेवढी पेजेस घेतो आणि लिहिणे यशस्वी झाले असेच कळवतो. म्हणून आकडा लिहिल्यावर /प्रॉक/सिस/व्हीएम/एनआर_ह्यूजपेजेस ही फाइल पुन्हा वाचायची सवय लावा.

कारण बहुतेक वेळा विखुरलेली मेमरी. एका २ एमबीच्या पेजला ४ केबीची ५१२ पेजेस सलग लागतात, आणि बरेच दिवस चाललेल्या मशिनवर रॅम मोकळी असली तरी तुकड्या-तुकड्यांत असते. /प्रॉक/बडीइन्फो मध्ये प्रत्येक झोनपुढे (रॅमच्या विभागापुढे) अकरा आकडे दिसतात. दहावा आकडा २ एमबीच्या सलग तुकड्यांचा, अकरावा ४ एमबीच्या. हे दोन शून्याजवळ असतील तर आधी सिंक, मग व्हीएम.ड्रॉप_कॅशेस ला ३, मग व्हीएम.कॉम्पॅक्ट_मेमरी ला १ द्या आणि पुन्हा मागा. गर्दीच्या वेळी करू नका, कॅश रिकामी झाली की डिस्कवर ताण येतो. त्यानेही भागले नाही तर सिसकंट्रोलच्या फाइलीत आकडा ठेवून रीबूट करणे सरळ. बूटच्या वेळी रॅम अजून विस्कटलेली नसते.

दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसरांच्या) मशिनवर पेजेस दोन्ही नोड्समध्ये (नोड म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम) सारखी वाटली जातात. डेटाबेस एकाच नोडला बांधलेला असेल तर अर्धी पेजेस त्याच्या कामाची नाहीत. नोडवार आकडा /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/नोड/नोड०/ह्यूजपेजेस मध्ये मिळतो आणि तिथेच लिहिताही येतो.

प्रश्न (शिरपूर): १ जीबीची ८ पेजेस बूटला राखून ठेवली. मेमइन्फोत टोटल शून्य! कर्नलने दिलीच नाहीत का?

उत्तर: दिली असतील. मेमइन्फोतल्या ह्यूजपेजेसच्या ओळी फक्त डीफॉल्ट मापाच्या असतात, आणि ते माप तुमच्याकडे २ एमबी आहे. १ जीबीचा हिशेब /सिस/कर्नल/एमएम/ह्यूजपेजेस/ह्यूजपेजेस-१०४८५७६केबी या फोल्डरात पाहा. नव्या कर्नलांत मेमइन्फोची 'ह्यूजटीएलबी' ही ओळ सगळ्या मापांची एकूण बेरीज देते. तिथेही काही नसेल तर बूटच्या ओळीतला क्रम तपासा. आधी ह्यूजपेजएसझेड=१जी, नंतर ह्यूजपेजेस=८. उलट लिहिले तर ८ पेजेस २ एमबीची मिळतात. प्रोसेसरच्या फ्लॅग्जमध्ये पीडीपीई१जीबी हवा, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न (भुसावळ): ह्यूज पेज लावल्यापासून 'फ्री' या आज्ञेत यूज्ड एकदम वाढले, पण टॉपमध्ये कुठल्याच प्रोसेसचा आकडा वाढलेला नाही. मेमरी गळते आहे का?

उत्तर: नाही. राखलेली पेजेस वापरात असोत की नसोत, 'फ्री' ती यूज्डमध्येच धरते. उलट टॉपच्या रेस (प्रोसेसच्या ताब्यातली रॅम) रकान्यात ह्यूजटीएलबीची, म्हणजे अशी राखलेली, पेजेस येतच नाहीत. प्रोसेसवार आकडा /प्रॉक/पीआयडी/स्टेटस मधल्या 'ह्यूजटीएलबीपेजेस' ओळीत असतो. मात्र ही मेमरी स्वॅप होत नाही आणि फाइल कॅशलाही मिळत नाही. १६ जीबीच्या मशिनवर १२ जीबी राखून ठेवले तर उरलेल्या चारात बाकी सगळे बसवावे लागते, आणि मग ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) डोके वर काढतो.

प्रश्न (नंदुरबार): ट्रान्सपरंट ह्यूज पेज आपोआप काम करते म्हणतात. मग वरची खटपट कशाला? आमच्याकडे रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस) पण आहे.

उत्तर: दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सपरंट प्रकार २.६.३८ या कर्नलपासून (२०११) आला. त्यात काही राखून ठेवावे लागत नाही, पण पेज मिळेलच अशी हमीही नाही. त्याचा आकडा मेमइन्फोत 'अॅनॉनह्यूजपेजेस' मध्ये दिसतो, टोटल-फ्रीच्या ओळींशी त्याचा संबंध नाही. पोस्टग्रेसचा शेअर्ड बफर शेअर्ड मेमरीत असल्याने त्याला /सिस/कर्नल/एमएम/ट्रान्सपरंट_ह्यूजपेज/इनेबल्ड या फाइलीतले 'ऑलवेज' (सगळ्यांना मोठे पेज) लागू होत नाही.

रेडिससाठी ऑलवेज नको. डेटा डिस्कवर उतरवताना रेडिस फोर्क करतो, म्हणजे स्वतःची दुसरी प्रोसेस काढतो. त्यानंतर एका किल्लीत बदल झाला तरी ४ केबीऐवजी २ एमबीची नक्कल होते. त्यातून उत्तराला उशीर आणि मेमरीचा उडता आलेख. मॅडव्हाइज ठेवा: मागेल त्यालाच मोठे पेज. 'इनेबल्ड' फाइल वाचली की चौकटी कंसातला शब्द चालू असतो. तिथे लिहिलेले रीबूटनंतर पुसले जाते, म्हणून ग्रबच्या (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळीत ट्रान्सपरंट_ह्यूजपेज=मॅडव्हाइज घाला, ग्रबची फाइल नव्याने तयार करा आणि रीबूटनंतर पुन्हा वाचून खात्री करा.

प्रश्न (अमळनेर): दुसऱ्या सर्व्हरवर चाललेली, एनआर_ह्यूजपेजेस ला २०४८ देणारी सिसकंट्रोलची फाइल एआरएमच्या नव्या मशिनवर तशीच टाकली. आता लॉगिनसुद्धा होत नाही.

उत्तर: तुमचा कर्नल ६४ केबी पेजचा असणार. त्यावर डीफॉल्ट ह्यूज पेज ५१२ एमबीचे असते. तुम्ही चार जीबी समजून एक टीबी मागितली, आणि कर्नलने जमेल तेवढी रॅम उचलली. ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडून बूट करा. माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / चालवून ती फाइल दुरुस्त करा, सिंक करा आणि मशिन पुन्हा सुरू करा. नवीन आकडा ठरवण्याआधी मेमइन्फोतली 'ह्यूजपेजसाइझ' ओळ वाचा. तुमच्याकडे तिथे ५२४२८८ केबी दिसेल, म्हणजे चार जीबीला ८ पेजेस पुरतात.