रेघ सोडू नकोस

प्रिय मुली,

ममदापूरच्या माळावरची तुझी वही पाहिली. दोन हंगाम डोंबारी चंडोल कमी दिसले, म्हणून ती रेघ, म्हणजे दर वेळी चालत पक्षी मोजायची ठरलेली वाट, सोडून मोजणी नांदूर मध्यमेश्वरकडे न्यायची म्हणतेस. तिकडे पक्षी जास्त, मान्य. म्हणूनच जाऊ नकोस. भरपूर पक्षी पाहून जागा निवडली की पुढचे आकडे बहुधा उतरतेच निघतात, आणि मग आपण घट झाली म्हणून बोंब मारतो. तीच जागा, तीच वेळ, तीच पद्धत.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी, एव्हरग्लेड्सच्या गवताळ पाणथळीत केप सेबल सीसाइड स्पॅरो ही गाणारी चिमणी राहते. १९८१ साली तिची मोठी मोजणी झाली. हेलिकॉप्टरनं किलोमीटर-किलोमीटरवर उतरायचं, काही मिनिटं कान लावायचा, जेवढे सापडतील त्यांना साधारण सोळानं गुणायचं. अंदाज निघाला साडेसहा हजारांचा. मग अकरा वर्षं सामसूम. १९९२ ला त्याच पद्धतीनं पुन्हा मोजलं, तर आकडा जवळपास तोच! कुणी म्हणालं असतं, पैसा पाण्यात. पुढच्याच वर्षी पश्चिमेकडचे बहुतेक पक्षी गेले. ऐन विणीत तिकडे पाणी सोडलं होतं, आणि घरटी गवतात जेमतेम वीतभर उंच. खापर वादळावर फोडणारेही होते. पण १९९२ चा तो कंटाळवाणा आकडा नसता, तर ही घसरण अकरा वर्षांत हळूहळू झाली की एका झटक्यात, यावरच भांडत बसले असते. तीच पद्धत, म्हणून कळलं.

मला हे सांगायचा अधिकार आहे का? माझ्या वह्यांतून एकही शोधनिबंध निघाला नाही. सलतं ते. एका साहेबांनी तोंडावर विचारलं होतं, ‘गुरुजी, चिमण्या मोजून पेन्शन वाढते का?’ घरी रविवारची सकाळ कुणाला माझ्याबरोबर मिळाली नाही. हिनं काय सोसलं ते तिलाच ठाऊक. तरी मी रेघ सोडली नाही, आणि आज त्या माळाचं जुनं काही विचारायचं तर तुलाही माझ्याकडेच यावं लागलं ना? असो, फुशारकी पुरे.

तुझे गाईड घाई करतायत, कळतं. प्रबंधाला दोन हंगाम पुरतील. चंडोलाची घट की नुसता पावसाचा चढउतार, हे ठरवायला नाही पुरणार. प्रबंध दे, पण रेघ तीच ठेव.

आणि वहीतले कोरे रकाने! गेलीस आणि पक्षी नव्हता, तर शून्य लिही. गेलीच नसशील, तर तसं लिही. कोऱ्या रकान्याचा अर्थ पुढे कुणाला लागणार आहे? रविवारी येताना ते भरून आण. खाडाखोड चालेल, अंदाज चालणार नाही.

तुझे,
गुरुजी