गणिताच्या तासाला मैदानात नेलं तर मूल मागे पडेल का?

हा प्रश्न मला पालकांकडून इतक्या वेळा आलाय की आज एक केसच सविस्तर सांगते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी जसं घडलं तसं.

तिसरीतला मुलगा, आठ वर्षांचा. आई एकटीच आली होती पहिल्यांदा, हातात त्याच्या गणिताच्या दोन वह्या. बसल्या बसल्या म्हणाली, मॅडम, ह्याचं गणित आधीच कच्चं आहे, आणि आता शाळेने नवीन काढलंय, आठवड्यातले तीन तास गणित मैदानात, सहा आठवड्यांचा प्रोजेक्ट आहे म्हणे, उड्या मारायच्या आणि मोजायच्या. पुढची मुलं वहीत पानंच्या पानं सोडवतायत आणि हा उड्या मारतोय. शाळेत भांडायला जाऊ का शाळाच बदलू ते सांगा.

मी आधी विचारलं की वर्गात तो कसा असतो. एका जागी बसत नाही, पेन्सिल पाडतो, पाणी प्यायला उठतो, बाईंची रोजची तक्रार. आणि मग आई एक वाक्य बोलली जे मी अगदी दर दुसऱ्या पालकाकडून ऐकते, "कुणीतरी सांगितलं की हा हालचालीतून शिकणारा मुलगा आहे, त्याला बसवून येणारच नाही."

इथे मी तिला थांबवलं, कारण ह्या शिक्क्याची मला खरंच काळजी वाटते. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हालचालीतून, आणि ज्याला त्याला त्याच पद्धतीने शिकवलं की जास्त येतं, ही कल्पना सगळीकडे पसरलेली आहे पण तिला पक्का आधार सापडलेला नाही. 2008 साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हापर्यंतचे अभ्यास तपासले आणि शाळांनी ह्यावर वेळ-पैसा घालावा इतका पुरावा नाही असंच सांगितलं. मुलाला एकदा शिक्का बसला की घरचे, शाळा आणि शेवटी ते मूलसुद्धा धरून चालतं की वही हे आपलं कामच नाही. प्रत्येक मुलाला त्याच्याप्रमाणे शिकवणं म्हणजे तो नेमका कुठे अडलाय ते शोधून तिथून पुढची पायरी देणं, आणि मैदान त्या शोधायच्या कामी येतं. हे मी तिला सांगितलं खरं पण तेव्हा तिला पटलं नाही, चेहऱ्यावर दिसतच होतं.

मग म्हणाली, पण ह्याने गणित सुधारतं ह्याला काही पुरावा आहे का? रास्त प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये दुसरी-तिसरीच्या 499 मुलांवर दोन वर्षं एक अभ्यास झाला, त्याचे निकाल 2016 ला आले. गणित आणि भाषेचे धडेच हालचाल करत घ्यायचे, आठवड्यातून तीनदा, वीस ते तीस मिनिटं. गणितात आणि स्पेलिंगमध्ये ती मुलं बाकीच्यांच्या पुढे गेली, वाचनात मात्र फरक दिसला नाही. हा दुसरा भाग मी मुद्दाम सांगते कारण मैदानात नेलं की सगळंच सुधारेल असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. आणि ती मुलं गणित सोडून खेळत नव्हती, गणितच करत होती, उड्या मारत. आईची अर्धी भीती ह्या एका गोष्टीने कमी झाली, तिला वाटत होतं की तास वाया चाललाय.

आता वह्या. मी त्या घेऊन बसले आणि चुका एकाखाली एक लिहून काढल्या. 8 + 5 = 12. 37 + 6 = 42. 9 − 3 = 7. 24 − 5 = 20. बाईंनी प्रत्येकावर लाल फुली मारून खाली लिहिलं होतं, निष्काळजीपणा, लक्ष देऊन सोडव. पण बघा ना, बेरीज दरवेळी एकाने कमी आणि वजाबाकी दरवेळी एकाने जास्त. निष्काळजी मूल असं शिस्तीत चुकत नाही. मला संशय आला, पण नक्की काय होतंय ते वहीवरून कळेना, आणि त्याला विचारलं तर तो खांदे उडवून गप्प.

मी वर्गशिक्षिकेशी बोलले, आईच्या परवानगीने, आणि एकदा त्यांच्या मैदानातल्या तासाला जाऊन बसले. जमिनीवर खडूने 0 ते 50 अशी घरं आखलेली. त्याला बाईंनी सांगितलं आठवर उभा रहा आणि पाच पुढे जा. तो आठवर उभा राहिला, तिथल्या तिथे पाय आपटला आणि म्हणाला "एक". मग नऊवर "दोन", दहावर "तीन", अकरावर "चार", बारावर "पाच", आणि थांबला, अगदी खात्रीने. माझ्या शेजारी बाई उभ्या होत्या, त्यांनी माझा हातच धरला. तीन वर्षं जी गोष्ट वहीत आळस म्हणून दिसत होती ती तिथे एका मिनिटात पायाने दाखवली त्याने. तो ज्या घरात उभा आहे तेच पहिलं म्हणून मोजत होता.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, वाईट वाटलं मला) उडी मोजतानाही तेच. टेप लावताना शून्याऐवजी एकचा आकडा रेषेवर ठेवायचा, त्यामुळे प्रत्येक उडी एक सेंटीमीटरने जास्त. दोन्ही चुकांचं मूळ एकच, आपण खुणा मोजायच्या का खुणांमधलं अंतर, हे त्याच्या डोक्यात वेगळं झालेलं नव्हतं. ही चूक ह्या वयात बऱ्याच मुलांची होते आणि सुधारतेही, फक्त कुणाला तरी ती दिसावी लागते.

पुढे बाईंनी जे केलं त्याला मी वैयक्तिक शिक्षण म्हणते. त्याला वेगळी मोठी वर्कशीट दिली नाही. एवढंच सांगितलं की तू उभा आहेस ते घर तुझं झालंच आहे, पाय हलला की मोज. आठवडाभर तो घरांवर तेच करत होता, मग तीच रेघ छोटी करून वहीत, बोटाने उड्या, आणि मग बोटाशिवाय. मैदानातून वहीत परत आणणं हा टप्पा बऱ्याच शाळा विसरतात आणि मग पालक म्हणतात मैदानात येतं पण पेपरात येत नाही.

प्रोजेक्ट सगळ्यांचा एकच होता पण काम ज्याचं त्याचं. प्रत्येकाने एक हालचाल निवडायची, जागेवरून लांब उडी, दोरीच्या उड्या, एका पायावर तोल, चेंडू फेकणं, आठवड्यातून तीनदा मोजायची आणि आपलेच आकडे आपल्या तक्त्यात भरायचे. त्याची उडी पहिल्या आठवड्यात 96 सेंटीमीटर, चौथ्यात 104. किती वाढली, हे गणित त्याला स्वतःला हवं होतं, म्हणून त्याने ते सोडवलं, दोनदा तपासून. ज्यांना हे सोपं जात होतं ती मुलं सरासरी काढत होती, आलेख काढत होती.

एक गोष्ट बिघडली होती ती पण सांगते. सुरुवातीला सगळ्यांचे आकडे भिंतीवर एका मोठ्या तक्त्यावर नावांसकट लावले होते. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलीने पोट दुखतंय म्हणून मैदानात जाणं बंद केलं, तिचं नाव सगळ्यात खाली होतं. मी बाईंना म्हटलं हा तक्ता आजच काढा, आणि त्यांनी काढला. तिने मग तोल सांभाळायचं निवडलं आणि कालच्यापेक्षा किती सेकंद जास्त एवढंच लिहायला लागली, पोटदुखी थांबली. तुमच्या शाळेत असा प्रोजेक्ट असेल तर एवढं नक्की विचारा की मुलाचा आकडा कुणाच्या आकड्याशी ताडून बघतात, आणि ज्याला पळता येत नाही किंवा आवडत नाही त्याला काय निवडता येतं.

घरी काय करू, असं आईने विचारलं. अभ्यासाआधी वीसेक मिनिटं दोघांनी चालून या म्हटलं. इलिनॉय विद्यापीठात 2009 साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर छोटा प्रयोग झाला होता, अवघी वीस मुलं, पण वीस मिनिटं चालल्यावर त्यांचं लक्ष आणि वाचून समजणं त्या वेळेपुरतं सुधारलेलं दिसलं. आणि तसंही जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं चांगली दमदार हालचाल सांगते, त्यामुळे ह्यात तोटा काहीच नाही. फक्त एक अट घातली, चालताना पाढे विचारायचे नाहीत. तिला ही अट सगळ्यात जड गेली.

सहा आठवड्यांनी दोघं आले. बेरीज-वजाबाकीतली ती एकाची चूक जवळपास गेलेली, घाईत असला की अजून डोकावते. वाचन होतं तिथेच आहे, त्याचं वेगळं काम आता सुरू केलंय, ते मैदानात होणार नाही हे मी आईला स्पष्ट सांगितलं. वर्गात उठणं कमी झालंय पण थांबलेलं नाही, आणि बाईंनी त्याला मधे एकदा सगळ्यांच्या वह्या वाटायचं काम दिलंय.

माझ्या टेबलावर पट्टी होती. मी काही न सांगता त्याने ती उचलली, माझ्या डायरीच्या कडेला शून्य बरोबर लावलं आणि आईला म्हणाला, "आई, बघ, हे घर मोजायचं नसतं, इथे तर आपण उभेच असतो."