बांधकाम परवानगी नामंजूर झाली, आता अपील कुठं करायचं?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं कोल्हापुरात शुक्रवार पेठेत जुनं कौलारू घर आहे. 2019 च्या पुरात मागची भिंत पडली, 2021 ला परत पाणी आत आलं, मग ह्यांनी ठरवलं की आता पाडून नवीन दोन मजली बांधायचं. आर्किटेक्टकडून महापालिकेत फाईल टाकली तर नामंजूर होऊन आली. कारणं तीन दिलीत. मिळकत निळ्या पूररेषेत येते, समोरच्या रस्त्याच्या रुंदीकरणात जाणारी जागा नकाशात दाखवलेली नाही, आणि प्रॉपर्टी कार्डावर नावं असलेल्या सगळ्यांच्या सह्या नाहीत (सासरे गेल्यावर दोन्ही नणंदांची नावं लागलीत, त्या पुण्याला असतात). एकजण म्हणतो कोर्टात जा, एकजण म्हणतो नगरसेवकाला भेटा, आणि दीर म्हणतात साठ दिवस होऊन गेलेत म्हणजे परवानगी मिळाल्यातच जमा, काम सुरू करा. काय करू?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे दिरांचं ऐकू नका. साठ दिवसांचा नियम खरा आहे, एमआरटीपी म्हणजे 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 45 मध्ये तसं लिहिलंय, पण तो कधी लागू होतो तर पालिकेनं काहीच कळवलं नसेल तेव्हा, आणि मध्ये त्यांनी एखादी त्रुटी काढली असेल तर तुम्ही उत्तर दिल्या तारखेपासून दिवस नव्यानं मोजायचे. त्यातही प्लॅन नियमात तंतोतंत बसत असेल तरच. नाहीतर बांधकाम अनधिकृतच धरतात आणि कलम 53 ची पाडायची नोटीस घरावर चिकटते. तुम्हाला तर नामंजुरीचं पत्र आलंय, तेव्हा ते साठ दिवसात आलं होतं की नंतर हे तेवढं तारखा लावून बघा, आणि नंतर आलं असलं तरी कुदळ मारू नका, अपिलात मुद्दा म्हणून घाला.

आता अपील. कलम 47. परवानगी नाकारली किंवा नको त्या अटी घालून दिली, दोन्हीला अपील चालतं. ते आपल्या महापालिकेत नाही तर राज्य सरकारकडं, म्हणजे नगरविकास खात्याकडं करायचं, आणि मुदत फक्त 40 दिवस, निर्णय तुम्हाला कळल्यापासून. इथं लोक फसतात. कागद घरी उशिरा आला म्हणून आपण निवांत असतो, आणि ऑनलाइन फाईलवर आर्किटेक्टच्या लॉगिनला निर्णय आधीच पडलेला असतो. मग "आम्हाला उशिरा कळलं" म्हणणं अवघड जातं. आजच आर्किटेक्टला फोन करून लॉगिनला कुठली तारीख दिसते ती विचारा आणि 40 दिवस तिथून मोजा. पत्र पोस्टानं आलं असेल तर पाकीट फेकू नका, शिक्क्यावर तारीख असते.

पण अपील करायचंच का? माझं स्पष्ट मत, तीनपैकी दोन कारणांसाठी अजिबात नाही. सह्यांचं कारण बरोबर आहे, नणंदांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणा, विषय मिटला (पुण्याला जाताना जरा गोड बोलून जावा, वाटणीचा विषय त्याच दिवशी काढू नका). रुंदीकरणाचंही तसंच. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, सिटी सर्व्हेची मोजणी करून घ्या, रस्त्यात किती जागा जाते ते प्लॅनवर दाखवा. ती पट्टी पालिकेच्या ताब्यात दिली तर पैशाऐवजी तेवढा एफएसआय (म्हणजे बांधकामाचं क्षेत्रफळ) उरलेल्या जागेवर मागता येतो, त्यामुळं फार हळहळायचं कारण नाही. ही दोन कारणं अपिलात घेऊन गेलात तर सुनावणीला समोरचा अधिकारी एवढंच म्हणणार की कागद द्या की मग.

खरा मुद्दा पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची, असा हिशेब असतो. आपल्याकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका पातळी आणि 2019, 2021 दोन्ही वेळेला पाणी 55 च्या वर गेलेलं, त्यामुळं लोक या रेषांना हसतात, पण परवानगी रेषेवरच मिळते. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन बांधकाम बंद. मात्र 2020 च्या युनिफाइड डीसीआरमध्ये म्हणजे सध्याच्या बांधकाम नियमावलीत एक सवलत आहे, तिथं आधीपासून अधिकृत घर असेल तर त्याचा पुनर्विकास करता येतो, लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच आणि पाटबंधारे खात्याचा नाहरकत दाखला घेऊन. तुमची फाईल बहुतेक नवीन बांधकाम म्हणून गेली असणार, पुनर्विकास म्हणून नाही. आर्किटेक्टला नेमकं हेच विचारा.

म्हणजे सगळं त्या "अधिकृत" वर अडलंय. घरफाळ्याची पावती दाखवून भागत नाही, घरफाळा पालिका अनधिकृत बांधकामाचाही घेते. जुना मंजूर नकाशा, बांधकाम परवाना किंवा जुन्या सिटी सर्व्हेत घराची नोंद, यातलं काहीतरी शोधा. सासऱ्यांच्या पेटीत नसेल तर माहिती अधिकारात महापालिकेकडं अर्ज टाका, 10 रुपयात काम होतं आणि 30 दिवसात उत्तर द्यावं लागतं. पण तुमच्या 40 दिवसातले 30 त्यातच जातील, म्हणून अर्ज आजच टाका. 2019 चा पूर पंचनामा पण जोडा, फक्त जोडायच्या आधी वाचा, त्यात घर होतं हे लिहिलेलं असतं तसं पाणी किती फूट होतं हेही लिहिलेलं असू शकतं, आणि तुमच्या प्लॅनमध्ये राहायची खोली त्या उंचीखाली असेल तर आपलाच कागद आपल्यावर उलटतो. सर्व्हेअरकडून प्लॉटची लेव्हल काढून घ्या. लाल रेषा जमिनीच्या बरीच वर जात असेल तर खाली नुसतं पार्किंग आणि वर घर, असा प्लॅन बदलावा लागेल. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला जिना चढायला लागेल हे खरंय, पण तळमजल्यावर खोली मागितली तर परत नामंजूर. आणि परवानगी येईपर्यंत जुनं घर पाडू नका, उरलेल्या तीन भिंती हाच तुमचा पुरावा आहे.

मी तुमच्या जागी असतो तर सुधारित प्लॅन पुनर्विकास म्हणून परत टाकला असता, आणि 40 दिवसांच्या आत अपीलही दाखल करून ठेवलं असतं, फक्त पूररेषेच्या मुद्द्यावर. अपिलात पत्राची प्रत, नाकारलेला नकाशा, घर अधिकृत असल्याचे कागद आणि नियमावलीतली ती तरतूद जोडा. भावनिक पानं नकोत. सुधारित प्लॅन मंजूर झाला तर अपील मागं घेता येतं, मुदत गेली तर मात्र ती आणायची कुठून? दिवाणी कोर्टाकडं जाऊ नका, या आदेशांना तिथं आव्हान देता येत नाही. नगरसेवकाला भेटायला हरकत नाही, फाईल कुठल्या टेबलावर आहे ते कळेल, बाकी त्यांच्या शब्दानं मुदत थांबत नाही. प्रत्येक अर्जावर आवक नंबर टाकून पोच घ्या.

प्रश्न : वकीलसाहेब, शेजाऱ्यानं साइड मार्जिन, म्हणजे बाजूची मोकळी जागा, न सोडता बांधायला घेतलंय आणि त्याला परवानगी पण मिळाली. मी अपील करू शकतो का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : नाही, कलम 47 चं अपील फक्त अर्जदाराला. तुम्ही आधी त्याचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात घ्या आणि जागेवर जे चाललंय त्याच्याशी ताडून बघा. नकाशात मार्जिन आहे आणि प्रत्यक्षात नाही, तर आयुक्तांकडं लेखी तक्रार, फोटो आणि तारखेसकट. नकाशाच खोटी मापं दाखवून मंजूर करून घेतला असेल तर परवानगी रद्द करा म्हणून अर्ज द्या, महापालिका कायद्याच्या कलम 258 मध्ये तो अधिकार आहे. तरीही कोणी हललं नाही तर हायकोर्टात रिट याचिका. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, मुंबईची गाडी पकडायची गरज राहिली नाही. पण स्लॅब पडायच्या आधी हला, नंतर कोर्टही विचारतं इतके दिवस काय करत होता.