डेथ मेटलला 'घराणं' म्हणायचं का?

इंदूरच्या एका काकूंनी विचारलंय की घरात मुलाचा आणि पुतण्याचा मेटल ह्या जोरकस रॉक संगीतावरून रोज वाद चालतो, एक म्हणतो बेहेमॉथ हा ब्लॅक मेटल बँड आहे, दुसरा म्हणतो ब्लॅकन्ड डेथ, तर मराठीत ह्या सगळ्याला काय म्हणायचं, घराणं म्हटलं तर चालेल का?

काकू, घराणं हा शब्द आपल्याला पटकन सुचणारच, उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव आहे आपलं, पण सरसकट नका वापरू. ख्याल आणि ध्रुपद हे प्रकार, आणि ख्यालाच्या आत मग ग्वाल्हेर, किराणा, इंदूर ही घराणी, हो ना? तीच उतरंड इथेही ठेवा. डेथ मेटल, ब्लॅक मेटल, डूम हे मेटलचे उपप्रकार, पण डेथच्या आत फ्लोरिडा आणि स्टॉकहोम ही मात्र घराणीच आहेत, कारण तिथे गाव आहे, ठरलेला स्टुडिओ आहे आणि एकमेकांचं ऐकून घडलेला आवाज आहे. फ्लोरिडात टॅम्पाचा मॉरिसाउंड स्टुडिओ, स्टॉकहोमला सनलाइट. स्टॉकहोमच्या एंटूम्ड बँडचा १९९० चा पहिला अल्बम लावून बघा, गिटार करवतीसारखी घरघरते, ती बॉस कंपनीच्या एचएम-२ पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या डबीची करामत, चारही नॉब शेवटपर्यंत फिरवलेले आणि तारा खाली उतरवून लावलेल्या. आज कोणी ब्राझीलमधे बसून तसाच आवाज काढला तरी लोक त्याला स्वीडिशच म्हणतात, पुण्याचा गवई ग्वाल्हेर घराण्याचा असू शकतो ना, अगदी तसंच.

आता ब्लॅकन्ड डेथ. इथे आपलं शाळेतलं व्याकरण इतकं कामाला येतं की मला फार आनंद होतो सांगताना. हा कर्मधारय समास धरा, म्हणजे उत्तरपद मुख्य, पहिलं पद नुसतं विशेषण. गाभा डेथचा, ड्रम आणि खालच्या सुरातलं गुरगुरणं डेथचं, वातावरण ब्लॅककडून घेतलेलं. मेलोडिक डेथचंही तेच. पण डेथ-डूम हा द्वंद्व समास आहे, दोन्ही पदं बरोबरीची, पॅराडाइज लॉस्ट आणि माय डाइंग ब्राइड या बँडच्या सुरुवातीच्या अल्बममधे डूमची संथ लय आणि डेथचा आवाज सारख्याच वजनाने येतात, एक काढलं तर दुसरं उभंच राहत नाही. म्हणून मराठीत लिहिताना द्वंद्वाला मधे रेघ द्या आणि कर्मधारयाला देऊ नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आणि लेबल बँडला लावूच नका, अल्बमला लावा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. बेहेमॉथ पोलंडचा, १९९० च्या दशकातलं त्यांचं सुरुवातीचं काम सरळ ब्लॅक मेटल आहे आणि पुढे ते ब्लॅकन्ड डेथकडे गेले, त्यामुळे दोघंही बरोबर, फक्त कुठला अल्बम ते सांगायला हवं. डार्कथ्रोनचं तर याहून मोठं उदाहरण, १९९१ चा पहिला अल्बम डेथ मेटल आणि १९९२ चा दुसरा थेट ब्लॅक, बँड तोच, नॉर्वेचाच.

डेथ, ब्लॅक वगैरे सगळ्यांना मिळून एक्स्ट्रीम मेटल म्हणतात, त्याला मी स्वतः 'जहाल मेटल' म्हणते, जहाल-मवाळ आपल्याला माहीतच आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही.

राहिला व्हेनम हा बँड ब्लॅक मेटल आहे का हा प्रश्न, तो मुलं पुढे काढतीलच. 'ब्लॅक मेटल' हे नाव न्यूकॅसलच्या या बँडच्या १९८२ च्या अल्बमचं, पण आज आपण ज्याला ब्लॅक मेटल म्हणतो तो पातळ, तीक्ष्ण गिटारचा आणि किंचाळण्याचा आवाज स्वीडनच्या बाथोरी बँडपासून सुरू होऊन नव्वदीच्या सुरुवातीला नॉर्वेत पक्का झाला. जाणकार व्हेनमला 'पहिली लाट' म्हणून आत घेतात. मला ते पटत नाही, नाव त्यांनी दिलं हे शंभर टक्के खरं, पण नुसतं ऐकलं तर ते स्पीड आणि थ्रॅश या मेटलच्या वेगवान प्रकारांच्याच जवळचे आहेत.